इंगोलश्टाटला येताय ना? मग गाडीआधी तुझं लायसन्स

तू विचारलंस: नवऱ्याला जर्मनीत इंगोलश्टाटला मोटार कंपनीत काम मिळालंय, जुलैत चिंचवडहून निघणार, मुलगी आठ वर्षांची, शहरात भाडी परवडत नाहीत म्हणून बाहेर दहा-बारा किलोमीटरवरच्या खेड्यात घर बघताय. तर आल्या आल्या गाडी घ्यावी का, तिची नोंदणी कशी होते, आणि तोवर बस-ट्रेनवर भागेल का. आणि अगदी शेवटी एक ओळ, ‘तिथे एकटं वाटतं का हो ताई?’

ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. मी मूळची कोल्हापूरची, गेली दहा वर्षं बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात, तुझ्या इंगोलश्टाटपासून तासाभराच्या अंतरावर, अशाच एका खेड्यात. खरं तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. पण ‘खेड्यात घर बघतोय’ हे वाचलं आणि मग काही राहवेना.

एकटेपणाचं आधी उरकते. वाटतं. नोव्हेंबरात जास्त, कारण साडेचारला अंधार पडतो. गणपतीला शहरातल्या कुठल्यातरी हॉलमध्ये आपली माणसं जमतात, उकडीचे मोदक होतात, आरत्या होतात, मुलं मराठी-जर्मन खिचडीत भांडतात. होते सवय. आता गाडीचं बोलू.

नोंदणीला लागणाऱ्या कागदांची यादी त्या त्या जिल्ह्याच्या वाहन कार्यालयाच्या साइटवर मिळेल, ती इथे उतरवून काढत नाही. यादीत जे नसतं ते सांगते. आपल्याकडे शोरूमवाला सगळं करून ठेवतो, आपण फक्त हार घालायचा, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं. इथेही नवी गाडी घेतलीत तर विक्रेता नोंदणी करून देतो, त्याचे पैसे घेतो. पण तुम्ही पहिली गाडी बहुतेक जुनीच घ्याल, तेव्हा स्वतः जावं लागेल. आणि आधी विमा, मग नोंदणी, हा क्रम. विमा कंपनी सात अक्षरं-आकड्यांचा एक कोड देते, त्याला ‘ए-फाउ-बे’ नंबर म्हणतात. तो नसेल तर खिडकीपलीकडचा माणूस पुढचं काही ऐकूनच घेत नाही. मग मोटारकर बँक खात्यातून परस्पर वळता करण्याच्या संमतीवर सही. हा कर इथे गोळा करतं कोण, तर कस्टम्स खातं. का, ते विचारू नकोस. दहा वर्षांत मी असले ‘का’ विचारायचं सोडून दिलंय आणि बीपी बरं राहिलंय.

सगळ्यात गंमत नंबरपाटीची. कार्यालय नंबर देतं, पाटी देत नाही. चिठ्ठी घेऊन बाहेर यायचं. समोर पाट्या ठोकून देणारी खासगी दुकानं असतात, तिथून दोन पाट्या करून घ्यायच्या आणि परत आत जायचं. मग आतले साहेब त्यावर सरकारी स्टिकर चिकटवणार. नवखी माणसं दारातल्या पहिल्याच दुकानात शिरतात आणि तो सांगेल ती किंमत देतात. चार पावलं पुढे जाऊन दुसऱ्याला विचार. त्याहून चांगलं म्हणजे नंबर आधी ऑनलाइन राखून ठेवायचा आणि पाट्या घरी मागवायच्या, निम्म्याहून कमी पैशात होतात. पसंतीच्या नंबराची फी फक्त १० युरो २० सेंट. आपल्याकडे एका आकड्यापायी लोक लाखात पैसे मोजतात, हे इथल्या शेजाऱ्यांना सांगितलं की त्यांना ती थाप वाटते.

हे सगळं आता घरबसल्याही करता येतं म्हणतात, आणि येतंही. पण त्यासाठी तुझ्या राहण्याच्या परवान्याच्या कार्डाची ऑनलाइन ओळख चालू असावी लागते, तिचा पिन असावा लागतो, गाडीच्या दोन्ही कागदांवरचे लपवलेले कोड खरवडून काढावे लागतात. नव्या माणसाकडे पहिले काही महिने ते कार्डच आलेलं नसतं. तेव्हा अपॉइंटमेंट घेऊन सरळ जा.

इंगोलश्टाट शहराची अक्षरं आयएन. गावभर गाड्यांवर आयएन लिहिलेलं. आपल्याकडून आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतो. पुढची अक्षरं निवडता येतात, म्हणजे आयएन, मग एमएच, मग १४ असं काहीतरी करायचा मोह तुम्हा चिंचवडकरांना होणारच. पण ऐक, आयएन फक्त शहराच्या हद्दीतल्यांना. खेड्यात घर घेतलंत की ते खेडं कुठल्या जिल्ह्यात पडतं त्यावर अक्षरं ठरतात. आइशश्टेट जिल्हा असेल तर इआय, फाफेनहोफेन असेल तर पीएएफ, नॉयबुर्गची बाजू असेल तर एनडी. गायमर्सहाइम तर शहराला खेटून आहे, तरी जिल्हा आइशश्टेटच. आणि जिल्हा बदलला की नुसती अक्षरं बदलत नाहीत. नोंदणीचं कार्यालय बदलतं आणि बसचं वेळापत्रकही. घर बघताना भाड्याच्या आधी हे बघ.

दोन कागद मिळतात. लहान असतो त्याला बोलताना ‘शाइन’ म्हणतात, तो गाडी चालवताना जवळ हवा. मोठा ‘ब्रीफ’, तो घरात कपाटात. ब्रीफ गाडीत ठेवायचा नाही, कधीच नाही. जुनी गाडी बघायला गेलात तर मागच्या पाटीवरचा गोल रंगीत स्टिकर बघा. त्यावर तपासणीची मुदत कधी संपते ते असतं, संपण्याचा महिना गोलाच्या वरच्या बाजूला. दर दोन वर्षांनी ही तपासणी होते, सगळे तिला ट्युफ म्हणतात. ‘ट्युफ नवा’ लिहिलेली गाडी दोन-चारशे युरो महाग असली तरी चालेल. मुदत संपत आलेली गाडी विकणारा ती का विकतोय हे तुला नंतर गॅरेजवाला सांगतो.

विम्याचं मात्र मनाला लागतं. इथे बिनअपघाताची वर्षं मोजतात आणि तसा हप्ता उतरत जातो. तुझ्या नवऱ्याने चिंचवड-चाकण रस्त्यावर पंधरा वर्षं एकही क्लेम न करता गाडी चालवली असेल, तो खरं तर शौर्यपदकाचा मानकरी. पण बहुतेक कंपन्यांच्या लेखी तो काल जन्मलेला. शून्यापासून सुरुवात, हप्ता सणसणीत. एक-दोन कंपन्या भारतातल्या विमा कंपनीचं पत्र विचारात घेतात, तेव्हा निघण्याआधी ‘क्लेम नाही’ असं इंग्रजीत लिहून शिक्क्यासकट आण. मिळाला फायदा तर मिळाला. कंपनीकडून लीजवर गाडी मिळणार असेल तर मोहात पडण्याआधी एवढं विचार की ही बिनअपघाताची वर्षं आमच्या नावावर जमा होणार का. बऱ्याचदा होत नाहीत. आणि विमा घेताना गाडी कोण कोण चालवणार हा प्रश्न येतो. तिथे नवरा म्हणेल, ‘सध्या मीच, तुझं नाव नंतर घालू, हप्ता वाढतो.’

इथे मी तुला थांबवते.

माझा सगळा राग या ‘नंतर’वर आहे. माझ्या नवऱ्यावर नाही, तो बिचारा सरळ हिशेब करत होता. गाडी एक, कामावर जाणारा एक, म्हणून चालवणारा एक. हिशेबात चूक काढता येत नाही आणि तरी तो चुकीचा असतो.

कायदा असा आहे: भारतातलं लायसन्स इथे पत्ता नोंदवल्यापासून सहा महिने चालतं, भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवून. सातव्या महिन्यात गाडी चालवलीस तर ते विनापरवाना चालवणं, आणि तो दंड भरून सुटण्यासारखा प्रकार नाही, गुन्हा आहे. अमेरिकेतली काही राज्यं, जपान, कोरिया यांचं लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळतं, भारताचं मिळत नाही. लेखी परीक्षा द्यायची, गाडी चालवून दाखवायची, शिवाय डोळ्यांची तपासणी आणि दिवसभराचा प्रथमोपचाराचा वर्ग. एकच सवलत, नव्या शिकाऊ माणसाला सक्तीचे असतात ते वर्ग तुला सक्तीचे नाहीत. पण ड्रायव्हिंग स्कूलशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि तुला कसं येतंय हे बघितल्याशिवाय स्कूल पाठवत नाही. म्हणजे तास घ्यावेच लागतात. दोनेक हजार युरो धरून चाल.

लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. हजारावर प्रश्नांचा साठा आहे, त्यातले तीस येतात, दहा गुणांपर्यंत चूक माफ. अ‍ॅपवर घोकायचं, आपण घोकण्यात कुणाला ऐकत नाही. प्रत्यक्ष परीक्षा मात्र जर्मनमध्येच. परीक्षक मागच्या सीटवर बसतो, शिकवणारा शेजारी, त्याच्या पायाशी स्वतःचा ब्रेक असतो. त्याने तो दाबला की परीक्षा संपली. आता पंचावन्न मिनिटांची असते, आणि लेखी पास झाल्यावर वर्षभरात ती पास व्हावी लागते.

गाडी येते म्हणून पास होत नाही हे लक्षात ठेव. मी रंकाळ्याच्या कडेने वडिलांची मारुती एट हंड्रेड चालवत शिकले, शाहूपुरीतून संध्याकाळी सहा वाजता गाडी काढणारी बाई होते मी. इथे पहिल्या तासाला वळताना इंडिकेटर द्यायला गेले आणि वायपर चालू झाले, कारण दांड्या उलट्या बाजूंना. त्याचं हसू झालं. खरी अडचण मानेची. प्रत्येक वळणाला, लेन बदलताना, खांद्यावरून मागे वळून बघायचं, नुसता आरसा चालत नाही. परीक्षकाला तुझी मान वळलेली दिसली पाहिजे. आपल्याकडे मागचा हॉर्न देतो, आपण समोर बघतो, अशी वाटणी आहे. इथे हॉर्न वाजवणारा कुणी नाही.

दुसरी, ‘रेश्ट्स फोर लिंक्स’. ताशी तीस किलोमीटरच्या वस्त्यांमध्ये चौकात काही पाटी नसेल, तर उजवीकडून येणारा आधी. तो बोळातून येवो, सायकलवर येवो, तू मोठ्या रस्त्यावर असलीस तरी थांबायचं. मोठा आधी, धाकटा मागे, हे जे आपल्या अंगात मुरलंय ते तिथे आड येतं. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेली पाटी दिसली तर तुझा रस्ता प्राधान्याचा, नाहीतर उजवीकडे बघत जायचं.

मी ते सहा महिने चालवलीच नाही. डिसेंबरात आलो होतो, बर्फ होतं, गाडी सकाळी सहाला नवऱ्याबरोबर जायची. मग सहा महिने उलटले आणि माझ्या पर्समधलं एमएच-०९चं कार्ड नुसतं ओळखपत्र झालं.

आता बस. इंगोलश्टाट शहरात राहिलात तर सायकल आणि बसवर मजेत भागतं, दुमत नाही. खेड्यातलं निराळं. थांब्यावरचं वेळापत्रक नीट वाच. वेळेच्या शेजारी बारीक अक्षर असतं. एस म्हणजे फक्त शाळेच्या दिवशी, एफ म्हणजे फक्त सुट्टीच्या काळात. वरवर बघितलं तर दिवसाला दहा-बारा बस दिसतात. एस काढ, एफ काढ, शनिवार काढ, रविवारी बहुधा काहीच नसतं, मग हातात काय राहतं ते मोज. काही ठिकाणी फोन करून बोलवायची बस असते, तासभर आधी सांगायचं. फोनवर बायरिश बोलणारे काका असतात. पहिलं वर्षभर मला त्यांचं ‘हो’ आणि ‘नाही’ यातला फरक कळत नव्हता.

माझ्या मुलाची प्राथमिक शाळा शेजारच्या गावात होती. मुलांना शाळेची बस न्यायची-आणायची, ती व्यवस्था उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. दुसरी-तिसरीतली मुलं एकटी जातात-येतात, आई-बापांनी गाडीने सोडलेलं शाळेला आवडत नाही. तुझी मुलगी सप्टेंबरपासून एकटी जाईल, तुझ्या पोटात गोळा येईल आणि ती महिन्याभरात तुला रस्ता शिकवेल. पण बाईंना भेटायची वेळ असायची आठवड्यातून एकदा, सकाळी सव्वादहाला. त्या वेळेला माझ्या गावातून तिकडे बस नाही. उन्हाळ्यात सायकल, पावसात सायकल, जानेवारीत शेताकडेने पायी. गेले मी, पण दर वेळी नाही. आणि बाईंच्या वहीत कुठेतरी ‘पालक फारसे येत नाहीत’ असं उमटत गेलं असणार, असं मला आजही वाटतं.

तुला बायर्नची चौथी माहीत आहे का? नसेल तर घर बघायचं थांबव आणि हे वाच. इथे चौथीनंतर मुलांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय, त्याला ‘हा-एस-ऊ’ म्हणतात, या तिघांची सरासरी काढतात. एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे नापास. २.३३ पर्यंत आली तर गिमनाझियुम, म्हणजे सरळ विद्यापीठाकडे जाणारी शाळा. २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे मधली पायरी. त्यापुढे मिटलशूल, शेवटची. मे महिन्याच्या सुरुवातीला तो दाखला हातात पडतो, मूल तेव्हा दहा वर्षांचं असतं. तुझी मुलगी येईल ती तिसरीत. म्हणजे तिच्या हातात दोन वर्षंही पुरती नाहीत.

माझ्या मुलाला दोन, तीन आणि तीन. गणितात दोन. सरासरी २.६६.

त्या हा-एस-ऊत वाहतुकीचे नियमही असतात, कारण चौथीत पोलीस येऊन मुलांची सायकलची परीक्षा घेतात. त्याच शरद ऋतूत मी शेवटी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका बाजूला त्याची सायकलची वही, दुसऱ्या बाजूला माझं अ‍ॅप, आणि दोघांचं चित्र एकच, चार रस्ते, तीन गाड्या, आधी कोण जाणार. तो मला समजावून सांगायचा. सायकलची परीक्षा त्याने सहज काढली. पण कागदावर त्याच चौकाचं वर्णन पूर्ण वाक्यांत लिहायचं होतं, तिथे त्याचे गुण भाषेपायी गेले. आईला जो नियम त्याने शिकवला, त्यातच.

बाई म्हणाल्या, घरी जर्मन बोलत जा. म्हणाल्या, रेआलशूलही चांगली असते, पुढे सगळे दरवाजे उघडे असतात. हे वाक्य इथे प्रत्येक परक्या आईला ऐकवतात. ते खोटं नाही, म्हणूनच त्याचं उत्तर देता येत नाही.

आणि मग दोन वर्षांनी, मुलगा सहावीत असताना, शेजारच्या तुर्की बाईने सहज बोलता बोलता सांगितलं. ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हती, त्यांच्यासाठी नियमात एक वाट आहे. गुण कमी पडले ते जर्मन कच्चं असल्यामुळे आणि ते सुधारेल असं शाळेला वाटलं, तर सरासरी ३.३३ पर्यंत असूनही गिमनाझियुमची शिफारस करता येते. ‘करता येते’. करावीच लागते असं नाही. माझा मुलगा दुसरीत असताना आला होता, म्हणजे या नियमात बसत होता. मला कुणी सांगितलं नाही. दाखल्याच्या आधी, हिवाळ्यात शहरातल्या गिमनाझियुममध्ये पालकांसाठी माहितीची संध्याकाळ होती, सातला सुरू. तिथे कदाचित कळलं असतं. तेव्हा नवरा कामासाठी बाहेरगावी होता, गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये, आणि गावाकडे येणारी शेवटची बस सव्वासातला.

म्हणून मी तुला गाडीबद्दल विचारल्यावर शाळेचं सांगतेय. इथे रस्ते चांगले, गाड्या चांगल्या, कागद एकदा जमले की जमले. पण ज्या संध्याकाळी माहिती मिळते त्या संध्याकाळी तुला तिथे पोचता आलं पाहिजे, आणि दहा वाजता घरी परत येता आलं पाहिजे. खेड्यात हे फक्त स्टिअरिंगमागे बसून होतं.

मला लायसन्स मिळालं त्या दिवशी खिडकीवर त्यांनी नवं कार्ड दिलं आणि जुनं मागितलं. असाच नियम आहे, भारताचं जमा करावं लागतं. कोल्हापूरच्या आरटीओतलं, तेविशीतल्या फोटोचं माझं कार्ड त्या बाईने एका पाकिटात टाकलं आणि पाकीट बाजूला ठेवलं. नवरा म्हणाला, आता काय करायचंय त्याचं. बरोबरच होतं त्याचं. मी त्या दिवशी गाडी घेऊन एकटी आउटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, गेले, काही काम नव्हतं, दोन एक्झिट पुढे जाऊन परत आले. उजव्या लेनमध्ये, ट्रकांच्या मागे, ताशी नव्वद. एकशे तीस ही तिथे नुसती शिफारस आहे, बऱ्याच ठिकाणी वर मर्यादाच नाही. डाव्या लेनमध्ये माणसं दोनशेने जातात, तिकडे घाईने जाऊ नकोस.

तेव्हा माझं म्हणणं असं: येण्याआधी पिंपरीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना दोघांनीही काढा, दोघांनीही. इथे पत्ता नोंदवला की त्याच महिन्यात जर्मन लायसन्सचा अर्ज तुझ्या नावाचा टाक, कारण अर्जावर निर्णय यायलाच आठवडे नाही, महिने जातात. जुलैत येताय हे फार चांगलं. पहिले काही महिने कोरडा रस्ता आणि उजेड मिळेल, तेव्हा तुझं भारतातलं लायसन्स चालतंय तोवर रोज चालव. डी-मार्टला जातो तसं सुपरमार्केटला जा, पण चालव. नवऱ्याला बसने जाऊ दे. मोटार कंपनीत जाणाऱ्यांसाठी बसची सोय बरी असते. सकाळी दहाच्या बसची कुणी सोय करत नाही.

घरभाडं शंभर-दोनशे युरो जास्त देऊन पहिली दोन वर्षं शहरात काढता आली तर काढ. दुसऱ्या गाडीचा विमा, कर, टायर यांत तेवढे जातातच. ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत हिवाळी टायर वेगळे, ते डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच हवेत.

ट्रेनबद्दल थोडक्यात. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, घ्या, ते वसूल होतं. २०२३ मध्ये ४९ युरोंनी सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, २०२६ पासून ६३. देशभरातल्या शहरी बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात, आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान गाडी, येत नाही. पण तुमचं नशीब थोर आहे, कारण इंगोलश्टाट म्युनिक-न्यूरेंबर्गच्या वेगवान मार्गावर आहे आणि त्यावर धावणारी प्रादेशिक गाडीही दोनशेच्या आसपासच्या वेगाने जाते, ती याच तिकिटात. लांबच्या गाड्यांना उशीर होतो, जर्मन वक्तशीरपणाबद्दल शाळेत ऐकलेलं विसरून जा. २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते ‘वेळेवर’मध्येच धरतात. आपली सह्याद्री एक्सप्रेस बरी असं म्हणवत नाही, पण ओठांवर येतं. तासाभराच्या वर उशीर झाला तर तिकिटाचे पंचवीस टक्के, दोन तासांच्या वर पन्नास टक्के परत मिळतात. मागायची लाज बाळगू नकोस.

मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. रेआलशूल नीट संपवली, पुढे तांत्रिक शाखेत शिकतोय, खूश आहे. ‘आई, तू अजून त्या २.६६ मध्येच आहेस,’ असं तोच मला म्हणतो. असेन. इथे सतराव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण अठरा होईपर्यंत शेजारी मोठं माणूस बसावं लागतं. त्या माणसाचं वय तिशीच्या वर हवं, इथलं लायसन्स किमान पाच वर्षांचं हवं, आणि दंडाच्या नोंदीत एकाहून जास्त गुण नको. त्याच्या कागदावर दोन नावं आहेत. नवऱ्याला मध्ये दोनदा रडारने टिपलं, तेव्हापासून शेजारी बसायचं काम माझ्याकडेच आहे. पोरगं चांगली चालवतं. मान वळवतं. शेजारी बसल्यावर तो माझ्याशी मराठीत बोलतो, घरात बोलत नाही तेवढं. रस्त्यावर नजर असते ना, तोंडाकडे बघावं लागत नाही.

अजून एक, तुझ्या मुलीची उंची दीडशे सेंटीमीटरच्या आत असेल तर बारा वर्षांपर्यंत तिला गाडीत वेगळं आसन लागतं. ते भारतातून उचलून आणू नकोस, इथल्या प्रमाणाचा शिक्का नसेल तर चालत नाही. इथे जुनं मिळतं, माझ्याकडेही तळघरात एक पडून आहे, चांगलं आहे, येऊन घेऊन जा.

आणि आजच्या आज एक काम कर. लायसन्सवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव शेजारी ठेवून बघ. माझ्या लायसन्सवर माहेरचं आडनाव होतं आणि पासपोर्टवर सासरचं. त्या एका फरकापायी माझा अर्ज तीन महिने पडून होता, लग्नाच्या दाखल्याचं अधिकृत भाषांतर येईपर्यंत. तुझं जुळत नसेल तर निघण्याआधी पिंपरीतच दुरुस्त करून घे. इथून ते होत नाही. नवऱ्याचं नाव जुळतंच, त्याचं बघत बसू नकोस.